अंगापिंड पाहून विद्या

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

‘महाराष्ट्र केसरी’ म्हटलं की आपल्याला कोल्हापूर, सांगली, पुणं आठवतं. पण या किताबाची पहिली कुस्ती झाली ती आपल्या गावात, औरंगाबादेत. मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं १९५३ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली आणि १९६१ साली औरंगाबादेत दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी झाले. हर्सूल तेव्हा वेशीबाहेरचं गाव होतं. तलाव, शेतं, मध्यवर्ती कारागृहाची भिंत आणि हरसिद्धी मातेचं देऊळ, एवढी त्याची ओळख. आज हर्सूल शहराच्या पोटात आलं आहे, शहराचं नावही २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं आहे. जळगाव रस्त्यानं तिकडे निघालं, की दुकानांच्या माळ्यांवर कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंगच्या वर्गांच्या पाट्या दिसतात.

या पाट्यांखाली उभे राहून आईबाप जो प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो. “सर, पोरगं अंगानं किरकोळ आहे, ह्याला कराटेला घालू का कुस्तीला?” किंवा, “पोरगी उंच आहे, हिला काय जमेल?” बहुतेक वेळा निर्णय होतो तो वर्ग घरापासून किती लांब आहे आणि गणवेशाचे पैसे किती, यावर. दोन वर्षं जातात, पट्ट्यांचे रंग बदलतात आणि दहावी आली की सगळं बंद. पैसे गेले याचं दुःख नाही. पोराच्या मनात मात्र ‘आपल्याला हे जमत नाही’ अशी एक गाठ बसते, आणि ती पुढं जन्मभर राहते.

हा प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचा विचार आपल्याकडे फार जुन्या काळापासून झालेला आहे. त्याचाच थोडा मागोवा घेऊ.

हर्सूल, देवगिरी, वेरूळ हा सगळा मुलूख यादवांच्या आधी कल्याणीच्या चालुक्यांच्या अंमलाखाली होता. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं सन ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक असतो तो त्यातल्या गीतांच्या प्रकरणात सापडणाऱ्या जुन्या मराठी ओळींमुळे. कुस्तीच्या माणसानं मात्र त्यातलं ‘मल्लविनोद’ हे प्रकरण बघावं. राजाच्या पदरी मल्ल कसे असावेत, ते सांगताना त्यात वय, अंगाचं माप, ताकद आणि कसब पाहून मल्लांची प्रतवारी केली आहे. ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल अशी तिची नावं. जो अजून घडायचा आहे, त्या कोवळ्या पोराला शब्द आहे ‘भविष्णु’, म्हणजे होऊ घातलेला. किती सुंदर शब्द आहे पाहा! आपण अशा मुलाला ‘कच्चा’ म्हणून मोकळे होतो.

मानसोल्लासात व्यायामांची नावंही आहेत. वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातला सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम. मल्लांना कडधान्य, मांस, दूध, साखर, उत्तम मिठाई पुरवण्याची जबाबदारी राजावर टाकलेली आहे. पैलवानाचा खुराक हा एका घराला झेपणारा खर्च नाही, हे नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाला कळत होतं. गुजरातेतल्या मोढेऱ्याच्या जेठीमल्लांचं ‘मल्लपुराण’ याच वळणाचं. मल्लाचं अंग कसं हवं, आखाडा कसा तयार करावा, कोणत्या ऋतूत काय खावं, इथपर्यंत तपशील त्यात येतो.

याच परंपरेत कुस्तीचे चार प्रकार सांगितले जातात. भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी. भीमसेनी म्हणजे ताकदीची. हनुमंती म्हणजे डावांची, चपळाईची; कमी ताकदीच्या माणसानं मोठ्याला लोळवायची. जांबुवंती म्हणजे हातापायांना पेच घालून बांधून टाकायची, आणि जरासंधी ही सांधे, हाडं मोडण्याची. शेवटची स्पर्धेतून गेली, जायलाच हवी होती. पण पहिल्या तीन नीट बघा. ‘तुझं शरीर कसं आहे, त्याप्रमाणे तुझी कुस्ती’ हे तत्त्वच त्यांत मांडलेलं आहे. एकाच तालमीत, एकाच वस्तादाच्या हाताखाली तिघे तीन तऱ्हांनी घडू शकतात.

खेड्यातल्या फडात हे अजून दिसतं. जत्रेतल्या कुस्त्या रेवड्यांवर सुरू होतात, मग नारळावर, मग रोख इनामावर. वजनकाटा कुठंच नसतो. पंच पोराचा हात धरून त्याला फडाभोवती फिरवतो, ‘आहे का कुणी जोड?’ म्हणून पुकारतो. समोरून दुसरं पोरगं उठतं. पंच दोघांना शेजारी उभं करतो, खांदे बघतो, मान बघतो, मांड्या बघतो, कधी दंड दाबून बघतो आणि एक तर हात हातात देतो, नाही तर ‘जोड नाही’ म्हणून परत पाठवतो. ही नजर मोठी कमालीची असते. एकाचं वजन दोन किलो जास्त आहे, पण दुसऱ्याची मान जाड आहे आणि तो वर्षभर मातीत आहे, हे सगळं त्या दोन मिनिटांत मोजलं जातं. काट्याला वजन कळतं, मान कळत नाही. अर्थात पंच आपल्याच गावचा असला, की ही नजर थोडी तिरकीही होते, हे फडावर बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

लहान चणीच्या माणसाची गोष्ट निघाली, की बाळंभट्टदादा देवधरांचं नाव घ्यावंच लागतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळची ही कथा परंपरेनं चालत आली आहे. निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे दोन नामांकित पैलवान पुण्याच्या दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कुणी पुढं होईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभट्टानं मुदत मागून घेतली आणि तो वणीच्या सप्तशृंगीला गेला. तिथं मारुतीनं दृष्टांत देऊन त्याला खांबावरची विद्या शिकवली, असं सांगतात. परत येऊन त्यानं गुलाबला चीत केलं आणि अलीनं माघार घेतली. दृष्टांताचा भाग ज्यानं त्यानं आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. इतिहासाच्या दृष्टीनं यातलं महत्त्वाचं पुढंच आहे. ताकदीत आपण कमी पडणार हे ओळखून देवधरांनी ताकद वाढवण्याच्या मागं न लागता पकड, लवचिकपणा आणि दम वाढवण्याचं साधन शोधलं.

मल्लखांब कधी जवळून पाहिला असेल, तर त्याची ठेवण लक्षात येईल. वर बोंड, खाली मान, त्याखाली अंग. म्हणजे तो मल्लच आहे, फक्त लाकडाचा. त्याला एरंडेल लावलेलं असतं, घामानं निसरड्या झालेल्या प्रतिस्पर्ध्यासारखं. त्यावर अढी मारायची, तिढी घालायची, बगल द्यायची, दसरंग करायचा. लाकूड हलत नाही, दमत नाही, चुकत नाही, म्हणून सगळी दुरुस्ती स्वतःच्या अंगात करावी लागते. जड माणसाला आपलंच वजन वर नेताना घाम फुटतो. हलक्या, सडसडीत पोराला मात्र ही विद्या पहिल्या आठवड्यापासून आपलीशी वाटते. पेशवाई बुडाल्यावर बाजीरावाबरोबर ती ब्रह्मावर्ताला गेली, काशीला रुजली. कुस्तीचं पूरक साधन म्हणून सुरू झालेला हा खांब पुढं स्वतंत्र खेळ झाला आणि दोरीच्या मल्लखांबानं तो मुलींपर्यंतही नेला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, आपले देशी व्यायाम जगाला दाखवले.

जगात इतरत्रही असंच घडलं आहे. ज्युडोचे जनक जिगोरो कानो हे अंगानं अगदी लहानखुरे. पोरवयात धटिंगणांचा मार खाल्ला म्हणून ते जुजुत्सू शिकायला गेले. तालमीतला एक धिप्पाड जोडीदार काही केल्या पडेना, तेव्हा त्यांनी ग्रंथालयात बसून परदेशी कुस्तीची पुस्तकं चाळली आणि खांद्यावरून आडवं उचलून टाकायचा एक डाव बसवला. जपानी त्याला कातागुरुमा म्हणतात. आपला कुठलाही वस्ताद तो पाहून म्हणेल, ‘अरे, ही तर आपली कलाजंग!’ पुढं १८८२ मध्ये कानोंनी कोडोकान ही आपली शाळा काढली. ज्युडो म्हणजे लहानानं मोठ्याला पाडण्याची विद्या, हा समज जगभर झाला तो तिथून.

पण या समजाला १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मोठा तडा गेला. ज्युडोचा तो ऑलिंपिकमधला पहिला प्रवेश होता, आणि खुल्या गटाच्या अंतिम फेरीत साडेसहा फुटी डच अँटन गेसिंकनं जपानच्या कामिनागाला जमिनीवर दाबून ठेवलं. सारं सभागृह सुन्न झालं. गेसिंक नुसता मोठा नव्हता, त्याला ज्युडो उत्तम येत होता. कसब सारखं असेल, तर अंगापिंडाचा फरक पडतोच. ‘आमच्या विद्येत वजनाला महत्त्व नाही’ असं ज्या पाटीवर लिहिलेलं असेल, त्या पाटीपुढून पालकांनी गुपचूप पुढं जावं, असं माझं मत आहे.

आपल्याकडे या वादाचा निकाल खाशाबा जाधवांनी लावला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, जन्म १९२६ चा. उंची बेताची, वजन बेताचं. घरातच वडिलांकडून कुस्तीचा वारसा. त्या काळच्या मैदानांत नाव होतं ते भारी पैलवानांचं, इनाम त्यांना, फेटा त्यांना. खाशाबांसारख्याला तिथं मोठं होण्याची वाट अरुंदच होती. १९४८ मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिंपिकला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती, पण तिच्यात आपल्या वजनाला स्वतंत्र मान आहे, हे त्यांना तिथं दिसलं. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसा नाही. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आणि जुलै १९५२ मध्ये बँटमवेट, म्हणजे ५७ किलोच्या गटात खाशाबांनी ब्राँझ पदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशीनं घेतलं.

खाशाबांचा हातखंडा डाव होता ढाक. बुटक्या माणसाला तो शोभतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. ढाक मारणारा समोरच्याच्या अंगाखाली शिरतो, त्याचं वजन आपल्या कमरेवर, पाठीवर घेतो आणि फिरवून टाकतो. ज्याची कंबर मुळातच खाली आहे, त्याला खाली शिरायला कमी श्रम पडतात. पट काढण्याचंही तसंच; जमिनीच्या जवळ असलेल्याला समोरच्याचे पाय जवळ. उलट, घिस्सा मारायचा तर वर बसून, मानेवर कोपराचं, अंगाचं वजन टाकावं लागतं. तिथं भरलेल्या देहाचा उपयोग. जुने वस्ताद पोराला सगळेच डाव दाखवत, पण ‘घोटून’ घेत ते त्याच्या अंगाला बसणारे दोन-तीनच.

आता आपल्या मराठवाड्यातलं उदाहरण. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे राहुल आवारे. लातूरच्या मातीतून वर आलेल्या हरिश्चंद्र बिराजदारांनी, म्हणजे १९६९ च्या महाराष्ट्र केसरींनी, त्यांना पुण्याच्या तालमीत घडवलं. बिराजदार मामा स्वतः भारी वजनाचे मल्ल. पण शिष्याचं अंग हलकं आहे हे पाहून त्यांनी त्याला फुगवण्याचा हट्ट धरला नाही, ही मला त्यांची सगळ्यात मोठी वस्तादकी वाटते. मामा २०११ मध्ये गेले. राहुल आवाऱ्यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण मिळवलं, खाशाबांच्याच वजनात, खाशाबांनंतर ६६ वर्षांनी. दुसऱ्या वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोत ब्राँझ. मात्र महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोंचा. म्हणजे जगात तिसरा आलेला हा मल्ल आपल्या राज्याच्या मानाच्या गदेसाठी मैदानात उतरूच शकत नव्हता. गावोगावचे बाप पोराच्या पानात तूप ओतत राहतात ते या गदेकडे बघून. अंगानं ६० किलोचं पोरगं ९० करायचं म्हणजे गुडघ्यांवर, हृदयावर काय भार पडत असेल, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

याच्या उलटा प्रकार म्हणजे वजन उतरवण्याचा. विनेश फोगट टोकियोत ५३ किलोत लढली होती. त्या गटात जागा उरली नाही म्हणून पॅरिसला ५० किलोत उतरली, अंतिम फेरीत पोहोचली, आणि ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी काट्यावर १०० ग्रॅम जास्त भरली. सगळं गेलं. जागतिक दर्जाचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ सोबत असून ही गत. आपल्या जिल्हा स्पर्धांच्या आदल्या रात्री पंधरा वर्षांची पोरं पाणी तोडून, दोन-दोन स्वेटर घालून पळताना दिसतात. त्यांना कोण विचारतं?

मुलींचा विषय निघालाच आहे तर सांगतो. महिला कुस्ती ऑलिंपिकमध्ये आली २००४ मध्ये, आणि आपल्याकडे पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली ती २०२३ मध्ये. प्रतीक्षा बागडी विजयी झाली. पुरुषांच्या पहिल्या स्पर्धेनंतर ६२ वर्षांनी. उंच, लांब हातापायांच्या मुलीला कुस्तीच करायला हवी असं नाही. तायक्वांदोत लांब पायाचा सरळ फायदा आहे आणि तो २००० पासून ऑलिंपिकमध्ये आहे. कराटे ऑलिंपिकमध्ये टोकियोला एकदाच आलं आणि पॅरिसला वगळलं गेलं. ज्याचं लक्ष पदकावर किंवा खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातल्या नोकरीवर आहे, त्यानं हे आधीच पाहून घ्यावं; ज्याला संध्याकाळी तासभर घाम गाळून अंगात शिस्त आणायची आहे, त्याला कराटे आजही तितकंच चांगलं.

आणि तलवारबाजी. आपल्या शहरात विद्यापीठाच्या परिसरात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, तलवारबाजीत या शहरानं चांगलं नाव कमावलं आहे. या खेळात वजनगट नाहीत. हाताची लांबी, पायांची चपळाई आणि डोकं, एवढंच भांडवल. शिवकाळातला दांडपट्टा याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. पट्ट्यात मनगट कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत बंद असतं, वळवताच येत नाही. म्हणून सगळी फेक खांद्यातून, कमरेतून आणि पावलांतून काढावी लागते. दणकट मनगटाचा पण जड पायांचा माणूस तिथं उपयोगाचा नाही.

अंगापिंड पाहून लढण्याची ही अक्कल या मातीत माणसांपुरती राहिली नाही, फौजांपर्यंत गेली. खडकी वसवणारा मलिक अंबर, ज्यानं हर्सूलच्या बाजूनं खाम नदीच्या खोऱ्यातलं पाणी नहरीनं शहरात आणलं, त्याच्यापुढं मोगलांची तोफा-हत्तींची अवजड फौज होती. अंबरानं तशीच फौज उभी करण्याचा नाद धरला नाही. मराठे स्वार हलके, घोडी काटक, मुलूख डोंगरांचा. त्यानं रसद तोडण्याची, थकवण्याची, अंगावर न घेता पळवण्याची लढाई निवडली. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि विजापूरकर एकत्र येऊनही हरले. शहाजीराजे त्या लढाईत होते, त्यांचे बंधू शरीफजी तिथं पडले. हनुमंती कुस्तीच म्हणायची ती, फक्त फौजेची.

राहिला प्रश्न हर्सूलच्या त्या बापाचा. तालमीत नवं पोरगं आलं, की जुना वस्ताद त्याला लगेच डाव शिकवत नसे. ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेली हौद्यातली माती खणायला लावायचा. महिनाभर फावडं. मग ती माती सारखी करायला. मग थोरल्यांचं अंग रगडायला. पोराला वाटायचं, फुकट राबवून घेतात. वस्ताद मात्र कठड्यावर बसून बघत असायचा. हा वाकतो कुठून, पाठीतून की गुडघ्यातून. दम आधी छातीत लागतो की पायात. मार लागल्यावर चिडतो की हसतो. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत येतो का. या महिन्यात एखाद्याचा हात खांबाकडे वळलेला दिसे, एखादा आपणहून बैठका मारत बसे, आणि एखादा आठव्या दिवशीच यायचा बंद होई. त्याला बोलवायला वस्ताद कधी घरी जात नसे.